ई७५०० अन् जी४१ बोर्ड: लाइन जायच्या आत एक्स्पोर्ट संपवायचा आहे, बायोसमधून प्रोसेसरचा वेग किती वाढवू?

दारव्हा_एडिटर

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात माझं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, झेरॉक्स हे रोजचं, अन् लगीनसराईत व्हिडिओ एडिटिंग. मशीन एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासकडून घेतलेली आहे. प्रोसेसर कोअर २ ड्युओ ई७५००, गिगाबाइटचा डीडीआर३ वाला जी४१ बोर्ड, रॅमच्या २-२ जीबीच्या दोन १३३३ च्या स्टिक. २४० जीबीची एसएसडी मी नंतर टाकली. विंडोज १०. प्रोसेसरवर कंपनीचाच पंखा, तो बुटका ॲल्युमिनियमचा. एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या) डब्यावर ४५० वॉट लिहिलेलं आहे, खरं किती ते देव जाणे.

अडचण अशी आहे. दोन तासांचं लग्न ७२० पी मध्ये एक्स्पोर्ट करायला ही मशीन सहा तास घेते. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, वरात, जेवणाच्या पंगती जोडल्या की दोन तास होतातच. गिऱ्हाईक काही कापू देत नाही. नवरीच्या मामाचा अर्धा सेकंद गेला तरी दुकानात भांडण. संध्याकाळी लाइन जाते, इन्व्हर्टर अडीच-तीन तास ओढतो, मग सगळं बंद. एक्स्पोर्ट पुन्हा पहिल्यापासून.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एम.आय.टी. नावाचा मेनू दिसतो. त्यात सीपीयू होस्ट फ्रिक्वेन्सी २६६ आहे. पुसदचा एक मित्र म्हणतो, सरळ ३३३ टाक, ३.६६ गिगाहर्ट्झ मिळते, काही होत नाही. पण तो पुण्यात एसीत बसून सांगून राहिला. माझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४२-४३ असते, पत्र्याचं छत आहे. करू का? केलं तर किती, अन् कोणकोणत्या सेटिंगला हात लावायचा?

बर्डीवरचा_बंटी

कायले त्या म्हाताऱ्याले पळवता भाऊ? नागपूरले बर्डीवर येऊन जा, ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ घेऊन जा. सहा तासांचं काम दोनात होते. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त पळवाचे, दिवस गेले.

दारव्हा_एडिटर

बंटीभाऊ, तूर घरात आली की पाहू. आता जे आहे त्यातच काढायचं आहे.

काट्यावरचा_मिस्त्री

तुझा मित्र खोटं नाही बोलला. ई७५०० हा ३३३ वर जाते. बहुतेक जातातच, ४५ नॅनोमीटरची चिप आहे, जागा ठेवलेली आहे तिच्यात. पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता, लाइन गेलेली असताना, तो तिथं टिकते काय हे पाहा लागते. पुण्यातल्या एसीतून ते दिसत नाही.

मी इकडे हिंगणघाटले जिनिंगमधल्या वजनकाट्यांवरचे कॉम्प्युटर सांभाळतो. पत्र्याची केबिन, हवेत रुई उडून राहिली, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. काट्यावरचा कॉम्प्युटर अडकला का शेतकरी अन् व्यापारी दोघंही माझ्याच नावानं बोंब मारतात. म्हून माझा सल्ला त्या हिशोबानं ऐकजो. मले वेगापेक्षा न अडकणं प्यारं आहे.

पहिले गणित समजून घे. तुझ्या प्रोसेसरचा गुणक ११ आहे, तो वर जात नाही, कंपनीनं कुलूप लावलेलं आहे. वाढवाची जागा एकच, होस्ट क्लॉक, म्हणजे तुले दिसलेली ती २६६ ची होस्ट फ्रिक्वेन्सी. २६६ गुणिले ११ म्हणजे २.९३. ३०० केले का ३.३०, ३२० ले ३.५२, ३३३ ले ३.६६. आता होस्ट क्लॉक वाढला का रॅमही त्याच्याच मागं वाढते. सध्या तुझी रॅम २६६ च्या चौपट, म्हणजे १०६६ वर चालून राहिली असन. ३३३ केलं का ती १३३३ वर जाईन. स्टिक १३३३ च्या आहेत हे खरं, पण जी४१ चिपसेटले इंटेलनं १०६६ च्या वर सांगितलेलंच नाही. मशीन लटकते अन् लोक प्रोसेसरले दोष देतात, चूक रॅमच्या गुणकाची असते. म्हून होस्ट क्लॉकले हात लावाच्या आधी सिस्टम मेमरी मल्टिप्लायर ऑटोवरून काढ अन् मेनूत जो कमीचा आकडा असन, म्हणजे ३, तो ठेव. ३०० वर रॅम ९०० ले चालन. एक्स्पोर्टले त्यानं उलसाच फरक पडते.

दुसरं, पीसीआय एक्स्प्रेस फ्रिक्वेन्सी ऑटोवर ठेवू नको, हातानं १०० टाक. काही बोर्ड ऑटोवर असले का हेही होस्ट क्लॉकसंगं वर नेतात, अन् मंग डिस्कवर काय लिहिल्या जाईन त्याचा भरवसा नाही. तुझ्या एसएसडीवर लोकांचे लग्न आहेत.

तिसरं व्होल्टेज. सीपीयू व्हीकोर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज, ऑटोवर ठेवला का बोर्ड आपल्या मनानं वाढवते, अन् बेज्या वाढवते. आता नॉर्मलले कॉम्प्युटर काय व्होल्टेज घेते ते सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये लोड देऊन पाहून घे अन् बायोसमध्ये तेच हातानं टाक. या चिपसाठी इंटेलचा वरचा आकडा १.३६२५ आहे. मी आपल्या भागात १.३ च्या वर जात नाही, अन् कारण सांगतो. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ वर २.९३ चालणारी चिप १.३५ वर ३.६६ ले नेली का वेग सव्वापट अन् उष्णता जवळजवळ दीडपट. तेच व्होल्टेज न वाढवता ३.३० केलं तर वेग बारा-साडेबारा टक्के अन् उष्णताही तेवढीच. हा सौदा मले पटते. पहिला पटत नाही.

अन् गरम फक्त प्रोसेसर होत नाही. सॉकेटच्या बाजूले बोर्डावर ज्या काळ्या चौकोनी मॉस्फेट असतात, त्यांच्यावर या स्वस्त जी४१ बोर्डांत पत्रासुद्धा नसते. प्रोसेसरले जो करंट जाते तो त्यांच्यातून. त्यांचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. तुझा बुटका पंखा हवा खाली बोर्डावर मारते, म्हून त्या वाचतात. कोणी म्हणन का मोठा उभा टॉवर कूलर लाव, तर लक्षात ठेवजो, टॉवर प्रोसेसर थंड करते पण खाली हवा मारत नाही. मॉस्फेट उघड्या पडतात.

बायोसमध्ये घुसाच्या आधी डबा उघड. दारव्हा म्हणजे कापूस अन् सोयाबीनचा पट्टा, मळणीच्या दिवसात कुटाराचा भुसा घरभर होते. पंखा काढून खालची फणी पाह्य, गादी जमलेली असन. साफ कर, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लाव. बसवताना चारही पुश-पिना बोर्डाच्या मागून पाहून घे. एक पिन अर्धी राहिली का पंखा वरून घट्ट वाटते अन् प्रोसेसर एका कोपऱ्यात टेकलेला नसते. नुसत्या सफाईनं आठ-दहा डिग्री कमी होतात, असं मी कैक वेळा पाहिलं आहे.

मंग २६६ वरून १०-१० नं वर जा. दर पायरीले प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) ची स्मॉल एफएफटी टेस्ट अर्धा तास. शेवटच्या पायरीले त्याचीच रॅमवरही ताण देणारी ब्लेंड टेस्ट रात्रभर अन् त्याच्याआधी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ चा एक पूर्ण फेरा. प्राइम९५ मध्ये एकाही वर्करनं एरर दाखवला का ती पायरी गेली, मशीन चालू असली तरी गेली. विंडोज चालून राहिलं म्हणजे ठीक, असं मानू नको. व्हिडिओत मधातच हिरवा पट्टा येते तो असल्याच अर्धवट मशीनवर.

तापमान कोअर टेम्प या प्रोग्राममध्ये पाह्य. या चिपची हद्द १०० धरतात, तिथं ती आपोआप वेग कमी करते. इंटेलच्या कागदावर ७४.१ लिहिलेलं आहे ते वरच्या झाकणाचं आहे, कोअरचं नाही, दोन्ही एकात मिसळू नको. अन् ४५ नॅनोमीटरच्या या चिपांचे सेन्सर थंडीत एखाद्या आकड्यावर अडकून बसतात, म्हून खालचा आकडा सोडून दे, लोडवरचा पाह्य. हिशोब सोपा आहे. खोलीत २४ असताना लोडवर ५८ आलं, तर खोलीपेक्षा ३४ जास्त. खोली ४३ झाली का तेच ७७ होईन. मी दुपारच्या लोडले ८० च्या आत ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या दुकानात कूलर असनच, ताट्या भिजवल्या का खोली तीस-बत्तीसले येते. पण लाइन गेली का कूलर बंद अन् कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू. पत्र्याचं छत पंधरा मिनिटात खोली तापवते. तुझा एक्स्पोर्ट नेमका त्याच वेळी चालू असते. म्हून टेस्ट कूलर बंद करून, दुपारी दोन ते चार मध्ये कर. डिसेंबरच्या रात्री पास झालेला आकडा आमच्याकडे पास धरत नाही.

आकडा सांगायचा तर ३०० पासून सुरू कर, अन् बहुतेक तिथंच थांबशीन.

दारव्हा_एडिटर

मिस्त्रीकाका, एवढं सगळं लिहिलं, लय आभार. पंखा काढला, तुम्ही म्हटलं तसंच, खाली पांढरी गादी. पेस्ट तर खडूसारखी झाली होती. नवी लावली, पिना मागून पाहिल्या.

३०० केलं, मेमरी ३ वर, पीसीआय एक्स्प्रेस १००, व्हीकोर जेवढा आधी दिसत होता तेवढाच. विंडोज सुरू झालं. पण सीपीयू-झेड १.८ गिगाहर्ट्झ दाखवून राहिलं! आधीच्यापेक्षाही कमी. उलटं झालं का काही?

काट्यावरचा_मिस्त्री

काही उलटं झालं नाही. काम नसलं का स्पीडस्टेप गुणक ११ वरून ६ वर आणते. ३०० गुणिले ६, १८००. आधी १६०० दाखवत असन, तू पाहिलं नसन. प्राइम९५ सुरू कर, ३.३० दिसन. टेस्टिंग होईपर्यंत सी१ई अन् ईआयएसटी हे वेग कमी करणारे दोन्ही पर्याय बंद ठेव, नंतर चालू कर. बॅटरीवर असताना ते कामाचं आहे.

अन् बायोस सेव्ह केल्यावर कधी स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नको. बटन बंद करून, पिन काढून, बोर्डावरचा क्लिअर सीमॉस जंपर काही सेकंद जोड, नाही तर सीआर२०३२ सेल काढून ठेव. सगळं मूळ आकड्यावर येते. सेल तुझा जुनाच असन, तो याच निमित्तानं बदलून टाक.

मेहकरचा_मास्तर

मिस्त्रीभाऊ, मध्येच विचारतो. माझ्या घरच्या मशीनमध्येही ई७५००च आहे, पण बोर्ड इंटेलचाच आहे, डीजी४१ लिहिलेलं. बायोसमध्ये होस्ट फ्रिक्वेन्सी कुठेच सापडत नाही. मेनू लपवलेला असतो असं वाचलं, तर कंट्रोल-एफ१ दाबूनही पाहिलं.

काट्यावरचा_मिस्त्री

मास्तर, कंट्रोल-एफ१ हे जुन्या गिगाबाइटचं. इंटेलच्या स्वतःच्या डीजी३१, डीजी४१ बोर्डांत तो पर्यायच दिलेला नाही, ऑफिससाठी बनवलेले बोर्ड आहेत ते. काही लोक प्रोसेसरच्या एका बिंदूवर बारीक टेप लावून बोर्डाले फसवतात का हा ३३३ वालाच प्रोसेसर आहे. चालते ते, पण मधातली पायरी नाही, एकदम २६६ वरून ३३३. अन् ७७५ सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसर काढता-घालता एक वाकली का बोर्ड गेला. घरच्या मशीनले कायले? एसएसडी नसन तर ती टाका, फरक डोळ्यानं दिसन.

बर्डीवरचा_बंटी

माझंही एक ऐकून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला. अन् कोणी या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकाच्या विचारात असन तर, २४एच२ या आवृत्तीपासून त्याले पॉपसीएनटी नावाची इन्स्ट्रक्शन लागते. कोअर २ मध्ये ती नाहीच. तुम्ही ५ गिगाहर्ट्झ केलं तरी ते बूट होणार नाही.

दारव्हा_एडिटर

बंटीभाऊ, बरं झालं सांगितलं, त्याच विचारात होतो. मग फॉर्म अन् बँकेचं काम मोबाइलवर, ही मशीन फक्त एडिटिंगला, नेट काढून.

आता निकाल. ३०० वर रात्रभर ब्लेंड स्वच्छ गेलं. दुपारी कूलर बंद करून स्मॉल एफएफटी लावलं, खोलीत भिंतीवरचा थर्मामीटर ४१ दाखवत होता, कोअर ७४ अन् ७६. ३१० ही गेलं. ३२० ला रात्री पास, दुपारी एका वर्करनं राउंडिंगचा एरर दिला. तुमचं दुपारचं म्हणणं तिथं कळलं. व्होल्टेज वाढवून ३२० बसवता आलं असतं, पण मॉस्फेटजवळ हात नेला तर तिथली हवाच चटका देऊन राहिली होती. परत ३०० वर आलो अन् ते प्रोफाइल सेव्ह करून ठेवलं.

तेच लग्न एक्स्पोर्ट केलं. सहा तासांचे पाच तास वीस मिनिटं. चाळीस मिनिटं वाचली, पण इन्व्हर्टर तर तीनच तास ओढतो. मूळ प्रश्न तिथंच आहे.

काट्यावरचा_मिस्त्री

बरोबर, गणितानंही तेवढेच येतात. ओव्हरक्लॉकमधून एवढंच निघते, अन् फुकट निघाले म्हून ते ठीक.

मूळ प्रश्नाचं उत्तर बायोसमध्ये नाही. दोन तासांची एकच फाइल कायले काढतो? टाइमलाइनचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे कर. हळद एक, सीमांतपूजन एक, लग्न, पंगत, वरात, बिदाई. हे कार्यक्रम तसेही वेगळेच आहेत. एक तुकडा तासाभरात निघन. लाइन गेली अन् इन्व्हर्टर बसला तर एक तुकडा जाईन, रात्र जाणार नाही. सगळ्या तुकड्यांची सेटिंग तंतोतंत सारखी ठेव, म्हणजे तेच रिझोल्यूशन, तेच फ्रेम, तोच ऑडिओ. मंग ॲव्हिडेमक्स या प्रोग्राममध्ये व्हिडिओ अन् ऑडिओ दोन्ही कॉपीवर ठेवून एकामागं एक जोड. नव्यानं एन्कोड होत नाही, एसएसडीवर काही मिनिटात जुळते. तुकडा तोडताना गाण्याच्या मधात तोडू नको, जोडावर बारीक खटका ऐकू येऊ शकते. दृश्य काळं होते तिथं तोड.

इन्व्हर्टरच्या मागं एक बटन असते, त्यावर यूपीएस मोड असं लिहिलेलं पाह्य. नॉर्मलवर असन तर बदली व्हाले वेळ लागते, तेवढ्यात स्वस्त एसएमपीएस मशीन रिस्टार्ट करते. रब्बीत पंप सुरू झाले का तुमच्याकडे व्होल्टेज पडत असन, तेव्हाही हेच होते.

दारव्हा_एडिटर

बटन नॉर्मलवरच होतं! तुकड्यांचं आजपासूनच करतो. वरातीचा तुकडा आधी लावला, डीजेच्या लाइटमुळे तोच सगळ्यात जड जातो.

एक शेवटचं विचारतो. यवतमाळला एकाकडे कोअर २ क्वाड क्यू८४०० निघतो आहे, स्वस्तात. याच बोर्डात बसेल का? अन् बसला तर त्यालाही ३०० सारखं काही?

काट्यावरचा_मिस्त्री

एक्स्पोर्टसाठी क्वाड चांगला. क्यू८४०० हा २.६६ चा, चार कोअर. तुझे दोन कोअर ३.३० वर अन् ते चार २.६६ वर, सॉफ्टवेअर चारही वापरत असन तर दीडपटीच्या वरच काम देते. पाच तास वीसचे साडेतीनच्या आसपास यावे.

पण तो ९५ वॉटचा आहे, तुझा ६५ चा. तुझा बुटका पंखा त्याले पुरणार नाही, मधात तांब्याचा गोल गाभा असलेला उंच पंखा लागन. तो विकणाऱ्याकडूनच माग, क्वाडसंगं बहुतेक तोच असते. अन् त्याले ओव्हरक्लॉक अजिबात नको, त्या उघड्या मॉस्फेटवर आधीच तीस वॉट जास्त येऊन राहिले. त्याचा होस्ट क्लॉक मूळचाच ३३३ आहे, म्हून बसवाच्या आधी बायोस डिफॉल्टवर आण, अन् बसवल्यावर रॅमचा गुणक काय झाला ते पाह्य. १०६६ च्या वर दिसला तर खाली आण.

बसते का नाही हे बोर्डाच्या मॉडेलवर अन् रिव्हिजनवर आहे. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनांची प्रोसेसरची यादी वेगळी असू शकते, अन् बायोस कोणतं लागते तेही त्याच यादीत लिहिलेलं असते. रिव्हिजन नंबर बोर्डाच्या एका कोपऱ्यात बारीक छापलेला असते. टॉर्च मारून पाह्य अन् इथं टाक. पैसे त्याच्यानंतर देजो.